पत्रा बदलला म्हणून जीप बदलत नाही

जुन्या जीपचा सडलेला पत्रा घरच्या खळ्यात कापून नवा जोडणारा माणूस कायदा मोडतो, रस्त्यावरच्या चारचौघांचा जीव धोक्यात घालतो आणि जी गाडी भंगारात जायला हवी तिचं मरण उगाच लांबवतो, असं मत अलीकडे शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकायला मिळतं. जळगाव-धुळ्याकडे, जिथे जुनी महिंद्रा जीप अजून शेतात आणि डोंगरवाटांवर राबते आहे, तिथे हे मत जास्तच जोरात मांडलं जातं. मला ते तिन्ही बाबतींत चुकीचं वाटतं. गाडीचं काम घरी झालं की गॅरेजमध्ये, गाडी जुनी की नवी, हा वादाचा मुद्दाच नव्हे. काम झाल्यावर गाडी आरसी बुकात लिहिलेलीच राहिली की तिची दुसरीच गाडी झाली, हा मुद्दा आहे. सडलेला पत्रा काढून तसाच पत्रा बसवणं ही दुरुस्ती, आणि चेसी लांबवणं, उंची वाढवणं, आसनं वाढवणं हा फेरफार. या दोन गोष्टींना एकच नाव दिलं की पहिलीवर अन्याय होतो आणि दुसरीला आडोसा मिळतो.

सुरुवात कायद्यापासूनच करू, कारण आक्षेप घेणाऱ्यांचा सगळा भर त्यावर असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ त्यासाठी दाखवलं जातं. त्या कलमाचा आशय असा की, नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांच्यात तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये. २००० सालच्या दुरुस्तीने कलमाला हे रूप आलं आणि त्याच वेळी ‘फेरफार’ म्हणजे काय याचा खुलासाही जोडला गेला: वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे वाहनाचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच रेषा आणखी ठळक केली आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही, असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. त्यानुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. पण तो नीट वाचला तर त्यात ‘घर’ हा शब्द नाही, ‘जुनी गाडी’ हा शब्द नाही आणि सडलेल्या फ्लोअरच्या जागी त्याच जाडीचा, त्याच मापाचा फ्लोअर बसवायला मनाई नाही. आरसीवर इंजिन क्रमांक, चेसी क्रमांक, रंग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन आसांमधलं अंतर लिहिलेलं असतं. यातलं काहीही न बदलणारं काम म्हणजे कलम ५२ चा भंग, असं म्हणणाऱ्याने कलमातला तो खुलासा वाचलेला नाही.

जीपची घडण समजून घेतली तर हा भेद डोळ्यांना दिसतो. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी हाच सांगाडा असतो. पत्रे एकमेकांना जोडूनच गाडीला बळ आलेलं असतं, त्यामुळे तिचा खांब किंवा छत कापणं म्हणजे हाडावर करवत चालवणं. जुन्या जीपचं तसं नाही. तिच्यात खाली शिडीसारखी चेसी असते. इंजिन, गिअर बॉक्स, आस, पाटे सगळं चेसीवर बसतं, आणि बॉडी रबराच्या गाद्यांवर टेकून बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि खालचा सांगाडा चाकांवर उभा राहतो. युद्धाच्या मैदानात, कमी हत्यारांनी, लवकर दुरुस्त व्हावी म्हणूनच ही रचना झाली होती. म्हणून तिचे पत्रे सपाट, कडा सरळ आणि वळणं थोडी. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली ती याच रचनेच्या आधारावर. पुढच्या सीजे-३बी पासून ५४० पर्यंतच्या गाड्या आपल्या तालुक्यातालुक्यातल्या डेंटर आणि वेल्डरांनी दोन पिढ्या चालत्या ठेवल्या, तेही याच रचनेमुळे शक्य झालं.

बॉडी आणि चेसी वेगळी धरणं ही काही गावठी पळवाट नाही. आपल्याकडे ट्रक अजूनही मोठ्या संख्येने नुसत्या चेसीच्या रूपात विकला जातो आणि त्यावर बॉडी दुसरीकडे बांधली जाते. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांनी वर्षानुवर्षं चेसीवर बस बांधल्या आहेत. जुन्या अॅल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून त्याच वापरलेल्या चेसीवर पोलादी बॉड्या चढवण्याचं कामही तिथे झालं, आणि त्या बसमधून लोकांनी प्रवास केला. कार्यशाळेत अभियंता असतो, आराखडा असतो, तपासणी होते, हा फरक मला मान्य आहे आणि तो लहान नाही. पण मग मागणी तपासणीची करावी. चेसीवरची बॉडी बदलणंच मुळात पाप, असं सरसकट म्हणता येणार नाही.

खानदेशात हा प्रश्न हौसेपेक्षा गरजेचा जास्त आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसात चाकाला आणि मडगार्डला चिखलाचा थर चढवते, आणि तो थर आतल्या वळणात दिवसेंदिवस ओला राहतो. कोकणासारखी खारी हवा इथे नाही, उन्हाळा तर पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो, म्हणून इथे पत्रा सडणार नाही असं बाहेरच्यांना वाटतं. पण सडतो, आणि खालून सडतो. शेतावरच्या जीपमध्ये रासायनिक खताच्या गोण्या जातात. सांडलेले दाणे फ्लोअरवरच्या रबरी मॅटखाली शिरतात, हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत पाणी अडतं. वरून रंग चकचकीत असतो आणि बॉडी ज्या बोल्टांवर टेकलेली असते त्यांच्याभोवतीचा पत्रा मात्र पापडासारखा झालेला असतो. अशा गाडीचा फ्लोअर न बदलता ती चालवत राहणं हा खरा धोका आहे, कारण आसन ज्या पत्र्याला आवळलेलं असतं तो पत्राच सुटू शकतो. घरचं पत्राकाम बंद करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. काम बंद झालं म्हणून सडणं थांबत नाही. तेव्हा माणूस भोकांत लांबी भरतो, वर रेड ऑक्साइडचा हात मारतो आणि गाडी पासिंगला नेतो. त्या लांबीखाली खालून पाणी शिरतं आणि एकदोन पावसाळ्यांत ती खपलीसारखी सुटते. लपवलेली सड उघड्या वेल्डिंगपेक्षा कितीतरी वाईट.

आता सुरक्षेचा आक्षेप. तो मी हलका धरत नाही. पण धोका नेमका कुठून येतो ते आकड्यांनी पाहू. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला जवळपास आठ किलो भरतो. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा साडेनऊ किलो. तो काढून ‘मजबूत होईल’ म्हणून तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट टाकली की तेवढ्याच जागेचं वजन साडेतेवीस किलो होतं. सहा चौरस मीटर पत्रा असा बदलला तर गाडीवर सुमारे ८५ किलो वाढतात, म्हणजे एक धडधाकट माणूस जो कधीच उतरत नाही. हे वजन फ्लोअरवर असेल तर निदान खाली आहे. छत, कॅरिअर आणि उंच पाइपांच्या रूपात ते वर चढवलं तर गाडीचा तोल वर सरकतो, आणि आधीच अरुंद असलेली जीप वळणावर उलटायला सोपी होते. ‘जाड म्हणजे मजबूत’ हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. ब्रेक आणि पाटे जुन्याच वजनाच्या हिशेबाने बनलेले असतात, हे जाड पत्रा टाकणारा विसरतो. बॉडी तीच दिसत असली तरी आरसीवरचं वजन खोटं झालेलं असतं. म्हणून हे काम माझ्या लेखी दुरुस्ती नाही, फेरफार आहे.

चेसी लांबवण्याची गोष्ट तर याहून गंभीर. सीजे-३बीच्या दोन आसांमधलं अंतर ८० इंच. मागे चार माणसं जास्त बसावीत म्हणून चेसी मधोमध कापून वीस इंचांचा तुकडा जोडला तर लांबी सव्वापट होते. पण दोन टोकांवर टेकलेली तुळई मधल्या भाराखाली किती वाकते ते लांबीच्या घनावर ठरतं. सव्वाचा घन काढला तर उत्तर दोनच्या जवळ जातं. भार तोच, चेसीचं वाकणं जवळपास दुप्पट, आणि तेही नेमकं जिथे नवा जोड मारला आहे त्या जागी. प्रोपेलर शाफ्ट लांबवावा लागतो, त्याचा समतोल बिघडतो, ब्रेकच्या नळ्यांना जोड द्यावे लागतात. असं काम घरी तर नकोच, साध्या गॅरेजमध्येही नको, आणि ते करणाऱ्याला कलम १८२ए लागलं तर मला त्याची बाजू घ्यायची नाही. ‘गाडी माझी, लोखंड माझं, मी काय वाटेल ते करीन’ हा हौशी लोकांचा युक्तिवाद इथे टिकत नाही. औट्रम घाटात समोरून येणाऱ्या माणसाने त्या जोडावर विश्वास ठेवायला संमती दिलेली नसते. पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डचंही तेच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं, कारण ते पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात. नव्या गाड्यांत तर ते एअरबॅगच्या कामातही आडवे येतात.

पण एवढं मान्य केल्यावर उरलेला आक्षेप तपासावा लागतो. सडलेला मडगार्ड, टेलगेट, फ्लोअर किंवा दाराचा पत्रा मूळ मापाने बदलला तर गाडी आधीपेक्षा असुरक्षित कशी होते? धक्का शोषून चुरगळणारी रचना या जीपमध्ये कधी नव्हतीच. मुख्य भार चेसी पेलते आणि तिला कोणी हात लावलेला नसतो. आपल्या भागातले मोठे अपघात आठवून पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि वर बसलेल्या रावेर तालुक्यातल्या मजुरांचे जीव गेले. त्या दुःखाच्या मुळाशी मालाच्या वाहनावर माणसं बसवण्याची रीत होती. काळी-पिवळीच्या टपावर आणि मागच्या पायरीवर लटकणाऱ्या प्रवाशांना पाहूनही न पाहिल्यासारखं करणारी यंत्रणा खळ्यातल्या वेल्डिंगवर बोट ठेवते, तेव्हा तिचं बोट चुकीच्या जागी आहे.

या चर्चेत ‘जुगाड’ हा शब्द फार नुकसान करतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून छोटी जीप घडवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेचं जाहीर कौतुक केलं, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील असं सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. लोहारांच्या हातातलं कसब निर्विवाद आहे, आणि तरी ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालू नये हेही खरं. तिला ना नोंदणी, ना चाचणी. उत्तरेकडे चालणाऱ्या जुगाड गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितलं की त्याही मोटार वाहनंच आहेत आणि त्यांना कायदा लागू आहे. पण एमएच-१९ किंवा एमएच-१८ च्या क्रमांकाची, नोंदणी झालेली, विमा असलेली, चेसी क्रमांक शाबूत असलेली जीप आणि शून्यातून जुळवलेली गाडी या एकाच जातीच्या नाहीत. दोघींना जुगाड म्हणून मोकळं होणं हा विचाराचा आळस आहे.

कामाच्या दर्जाबद्दलचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: घरी काम करणाऱ्याला वेल्डिंग येतं का, आणि तो स्वतःचं घर तर पेटवणार नाही ना? जुन्या विलिस घडणीच्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती न काढता तिथे ग्राइंडर लावणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हेही ठाऊक हवं की भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त भडकते. उन्हाळ्यात खळ्यात कडबा रचलेला असतो, आणि ग्राइंडरची ठिणगी कुठवर उडते ते कामाच्या नादात दिसत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की निघणारा पांढरा धूर ताप आणतो. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोकं पडतात. मिग वेल्डिंगने अंतरा-अंतरावर टाके घालत, मध्ये पत्रा थंड होऊ देत गेलं तर तो वाकडा होत नाही. बॅटरीच्या तारा आधी सोडाव्या लागतात. हे सगळं शिकण्यासारखं आहे, आणि शिकवलंही जातं: आयटीआयमध्ये वेल्डर आणि शीट मेटल वर्कर हे अभ्यासक्रम कित्येक वर्षांपासून आहेत. ज्याला हे येत नाही त्याने मापं काढावीत, बोल्ट सोडवावेत, कानस आणि पॉलिश पेपरची मेहनत करावी आणि जोड मात्र जाणत्या वेल्डरकडून मारून घ्यावा. कौशल्य कमी आहे म्हणून काम बेकायदा ठरवायचं असेल तर शेतातली अर्धी यंत्रदुरुस्ती बंद करावी लागेल.

राहिला भंगाराचा मुद्दा. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते दहा हजार झालं. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर हा खरा प्रश्न आहे. ज्या जीपचा धूर मर्यादेत बसत नाही ती थांबलीच पाहिजे. पण धुराची चाचणी इंजिनाची होते, मडगार्डची नाही. जी गाडी पीयूसी आणि योग्यता तपासणीत पास होते आणि जिचा मालक वाढीव शुल्क भरतो, तिचा पत्रा बदलू नये याला कोणता आधार उरतो? उलट दहा हजार घेऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून देणारं शासन त्या काळात गाडी सुस्थितीत राहावी असंच अपेक्षित धरतं.

कापायला हात उचलणाऱ्या हौशींसाठी आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. साठच्या दशकातली सीजे-३बी साक्री किंवा पारोळ्याच्या एखाद्या वाड्यात उभी असेल आणि तिचा उंच बोनेट कापून तिला आधुनिक तोंड दिलं जात असेल, तर ती नोंदणी कायमची हातची जाते. मूळ पत्रा मूळ मापात दुरुस्त केला असता तर निदान दावा करता आला असता.

धुळे आणि जळगावच्या परिवहन कार्यालयांकडे माझी मागणी साधी आहे. बॉडी दुरुस्तीसाठी महिन्यातून एक दिवस ठेवा. मालकाने काम सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो, चेसी क्रमांकाचा ठसा आणि वजनकाट्याची पावती आणावी. निरीक्षकाने आसनं मोजावीत, आसांमधलं अंतर मोजावं, चेसीवर नवा जोड आहे का ते खाली वाकून पाहावं, आणि तपशील जुळला तर ‘दुरुस्ती, फेरफार नाही’ एवढी नोंद द्यावी. याला नवा कायदा लागत नाही, कलम ५२ नीट वाचलं की पुरतं. कापूस आणि केळीच्या व्यवहारामुळे वजनकाटे आपल्याकडे जागोजागी आहेत. तो दिवस सुरू होईपर्यंत जीपवाल्यांनी वाट पाहू नये. बॉडीचा पहिला बोल्ट सोडण्याआधी गाडी रिकामी करून काट्यावर न्या, काम संपल्यावर पुन्हा न्या, आणि दोन्ही पावत्या आरसीसोबत ठेवा. दोन आकड्यांत फरक आला तर तो पत्रा उतरवा.